कावळा उगाच टोच मारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कावळ्यांच्या हल्ल्यांची बातमी आपल्या पेपरात वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. हेडिंग काय तर ‘कावळ्यांचा उच्छाद’, आणि उपाय काय तर म्हणे घरटी पाडा. अहो, वर्षभर हेच कावळे आपल्या डोक्यावरून ये-जा करतात तेव्हा टोच मारत नाहीत, मग पिल्लं बाहेर पडतात त्याच थोड्या दिवसांत का मारतात हे कुणी विचारायला नको का?

माझ्या खिडकीसमोरच्या झाडाखाली एक पिल्लू उतरलं होतं. आखूड शेपूट, निळसर राखाडी डोळे, चोच उघडली की आतून सगळं लालसर, आणि उडायला जायचं ते दोन फुटांवर धपकन पडायचं. एका भल्या माणसाला वाटलं बिचारं घरट्यातून पडलंय, तो टॉवेल घेऊन उचलायला गेला तर मागून त्याच्या डोक्यावर असा झपाटा बसला की टॉवेल तिथेच टाकून पळाला, आणि मिनिटभरात आजूबाजूचे सात-आठ कावळे जमून नुसता कालवा. पण ते पिल्लू अनाथ नव्हतंच! कावळ्याची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात आणि आईबाप त्यांना फांदीवर, जमिनीवर, असतील तिथे जाऊन भरवतात. मी स्वतः बघत होते, तो माणूस गेल्यावर पाच मिनिटांत एक कावळा खाली आला, इकडेतिकडे बघितलं आणि घास पिल्लाच्या घशात पार आत नेऊन सोडला.

त्या माणसाला मात्र ते विसरले नाहीत. तो दिसला की ओरडा सुरू, बाकी कुणाला काही नाही. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत, अमेरिकेत सिॲटलला 2006 मध्ये संशोधकांनी मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले, तर तोच मुखवटा दिसला की कावळे पुढे कित्येक वर्षं कल्ला करायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा! कावळ्यांच्या सगळ्या कुळाची स्मरणशक्तीच तशी आहे, यांच्यातलाच नटक्रॅकर नावाचा पक्षी पाइनच्या हजारो बिया जमिनीत लपवतो आणि काही महिन्यांनी बर्फ उकरून बरोब्बर काढतो. अशा पक्ष्याचं घरटं पिल्लांसकट पाडलं तर तो शांत बसेल असं वाटतं का तुम्हाला?

पुढच्या वेळी बातमी द्याल तेव्हा प्लीज एवढं छापा. घरटं असलेल्या झाडाखालून जायचं तर छत्री उघडा नाहीतर थोडे दिवस दुसऱ्या बाजूने जा. पिल्लू धडधाकट असेल तर हात लावू नका, अगदीच रस्त्याच्या मधोमध असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. आणि घरी तर अजिबात नेऊ नका.

आपली,
एक वाचक