एपिक्युरसला खादाड ठरवू नका

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. अख्ख्या पानात काय, तर खा-प्या-मजा करा! अहो, हा माणूस अथेन्समधल्या आपल्या बागेत (तीच त्याची शाळा) पाव नि पाण्यावर समाधानानं राहायचा आणि मित्राला पत्र लिहून चीजचं एक छोटं मडकं मागवायचा, मनात आलं तर तेवढ्यावर मेजवानी होईल म्हणून. शरीराला दुखणं नाही आणि मनाला घोर नाही यालाच तो सुख म्हणायचा, मेनोइकियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे स्वच्छ सांगितलंय, ते पत्र आजही वाचायला मिळतं, लेखकानं निदान तेवढं तरी वाचायचं होतं.

बदनामी केली विरोधकांनी. डायोटिमस नावाच्या एका स्टोइकानं, म्हणजे विरोधी पंथातल्या तत्त्वज्ञानं, तर त्याच्या नावावर ५० अश्लील पत्रं खपवली, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लेअर्शियसनं हे लिहून ठेवलंय. चार्वाकाचं आपल्याकडे हेच झालं, त्याचे ग्रंथ गेले आणि विरोधकांनी सांगितलेलं 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

मला राग आला त्याचं खरं कारण वेगळंय. मला मुतखड्याचा त्रास आहे. कळ आली की माणूस जमिनीवर लोळतो, घरच्यांशी धड बोलवत नाही, शेजारी कोण उभंय तेही कळत नाही. एपिक्युरस इ.स.पू. २७० मध्ये याच दुखण्यानं गेला, लघवी अडलेली, त्यात हगवण. आणि शेवटच्या दिवशी तो इडोमेनियस या मित्राला काय लिहितो, तर दुखणं याहून वाढणं शक्य नाही पण आपल्या गप्पा आठवून आनंद होतोय, आणि मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. मेट्रोडोरस हा त्याचा मित्र, आधीच वारलेला. कळा सोसताना मित्राच्या पोरक्या मुलांची काळजी करणारा माणूस चैनी? दवाखान्यात पडल्या पडल्या मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलंय म्हणून सांगतो. मृत्युपत्रात त्यानं आपल्या गुलामांना मुक्त केलं, बागेत बायकांना आणि गुलामांनाही शिकायला जागा होती, यातलं एक अक्षर लेखात नाही.

आणि हो, सोबत छापलेला पुतळा सॉक्रेटिसचा आहे, बसकं नाक बघूनच कळतं. दुरुस्ती छापा, आणि मागच्या वेळेसारखं माझं पत्र अर्ध्यात कापू नका ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक