पेशंट नॉट विलिंग

संपादक महोदय,
स. न.

कालची हार्ट डेची पुरवणी वाचली, खरं तर दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं आपल्याच नजरेतून काहीतरी सुटलं असेल. रोज दहा हजार पावलं चाला, लिफ्टला रामराम करून जिना चढा, एक स्टेशन आधी उतरून घरी चालत जा. लेख लिहिणारे डॉक्टर मोठे आहेत, लिहिलंयही छान. एक स्टेशन आधी उतरायचा प्रयोग मी चौदा वर्षांपूर्वी करून बसलोय, कांजूरच्या अलीकडे, चालत्या लोकलमधून. मणका टी-२ ला, म्हणजे छातीच्या मणक्यांतल्या वरून दुसऱ्याला गेला, काखेच्या खाली काही कळत नाही, हात शाबूत. आता चार पानांच्या पुरवणीत आमच्यासारख्यांसाठी एक ओळ, अहो एकच, टाकायला काय हरकत होती? पाय गेले म्हणून देव हार्ट काही वेगळं बसवून देत नाही, उलट बसून बसून चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं आणि हार्टचा धोका आम्हालाच जास्त.

आता मूळ राग कशाचा ते सांगतो. गेल्या वर्षी एका नावाजलेल्या हॉस्पिटलात चेकअपचं पॅकेज घेतलं. व्हीलचेअरवर आहे हे फोनवर तीनदा सांगितलं, हो सर नो प्रॉब्लेम. रक्त झालं, ईसीजी झाला (बेड इतका उंच की वॉर्डबॉय, माझा मेव्हणा आणि दुसऱ्याच कुठल्या पेशंटचा भाऊ अशा तिघांनी मिळून उचललं), मग टीएमटीची, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात त्या टेस्टची खोली. तिथला पोरगा कागदातून मान वर न करता म्हणाला, काका शूज आणलेत ना? म्हटलं आणलेत की, तेरा वर्षं वापरतोय, सोल अजून नवाकोरा आहे. तो हसला नाही. मग मशीनकडे बघून म्हणतो, धरून थोडं तरी उभं राहता येईल का? हाताने पेडल मारायचं मशीन असतं, त्यावर स्ट्रेस टेस्ट होते, नाहीतर औषध देऊन इको काढतात, हे मी त्याला सांगतोय! आमच्याकडे नाही, विषय संपला. संध्याकाळी फाइल हातात आली, टीएमटीच्या पानावर लिहिलेलं, 'पेशंट नॉट विलिंग'. म्हणजे माझी इच्छा नव्हती. आणि पैसे? पॅकेजमधून काही वजा होत नाही सर.

हे झोंबलं कारण तुमच्याच लेखात चौकट आहे, छातीत कळ आली तर दुर्लक्ष करू नका. मला ती कळ येईल तेव्हा कळेलच याची काय गॅरंटी? म्हणून तर टेस्ट हवी होती ना. आणि ते २२० वजा वय, म्हणजे नाडी जास्तीत जास्त किती जाते त्याचं सूत्र. माझं वय ५२, म्हणजे १६८, टेस्टला गाठायचे त्याचे ८५ टक्के, १४३. जीव काढला तरी माझी नाडी ११८ च्या वर जात नाही, कारण हृदयाला 'पळ' म्हणून सांगणाऱ्या नसा जिथून निघतात तिथेच माझी वायर तुटलीय. आम्ही आकडा बघत नाही, दम किती लागला ते बघतो.

आमचं वेगळं गणित आहे, २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी छापून ठेवलंय. फिटनेससाठी आठवड्यातून दोनदा निदान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम, शिवाय दोनदा ज्या स्नायूंत जीव आहे त्यांचे वजनाचे तीन-तीन सेट, आणि हार्टचा विचार असेल तर तीनदा ३० मिनिटं. तुम्ही डार्क चॉकलेटचा फोटो टाकलाय ना, तेवढ्या जागेत मावलं असतं.

मी घरी डायनिंग टेबलावर हातपेडल ठेवून करतो, खिडकीच्या ग्रिलला रबर बांधून खांद्याचे सेट मारतो, कारण खांदे गेले तर चेअरवरून बेडवरही जाता येणार नाही. आधी लघवीची पिशवी रिकामी करायची. एकदा नळी मांडीखाली दुमडली होती, लघवी तुंबली, व्यायाम करताना डोकं फुटायला आलं, तोंडावर घामाच्या धारा, एरवी १०५ असणारं बीपी १९० वर. शेजारचा जिमवाला मुलगा समोर होता, म्हणाला काका मस्त पंप आलाय (म्हणजे स्नायू फुगलेत). बायकोने नळी सरळ केली तेव्हा उतरलं. लघवी तुंबली की बीपी असं उसळतं, टी-६ किंवा वरती मार असलेल्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावं. आणि ऑक्टोबर हीटमध्ये मला घाम फक्त वरच्या भागाला येतो, बाकी अंग तापतच राहतं, म्हणून मानेवर ओला पंचा आणि झाडांना मारायचा स्प्रे तोंडावर.

आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं, ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड घेऊन आले. किती पावलं झाली असतील हो त्यांची?

जाता जाता, तुमचा पेपरवाला पेपर दारात जमिनीवर टाकतो. मला वाकलं की तोल सावरत नाही, पोट-पाठीत जोर नाही, मग मी कपडे वाळत घालायच्या काठीने तो ओढून घेतो. कडीत अडकव म्हणून दहादा सांगून झालं. तुमच्या सर्क्युलेशनवाल्यांना जरा कळवा.

पत्र मोठं झालंय. कापायचंच असेल तर पेपरवाल्याचं कापा, टीएमटीचं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, भांडुप