मित्रास पत्र: व्हॉल्व्ह आधी खरवडून बघ

हर्णै,
२१ जून

प्रिय मित्रा,

फोनवर सांगून भागण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय. चार वर्षांपूर्वी आपण दोघं मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलो होतो आणि एकाच दुकानातून बोटीच्या तळाच्या भोकांवर बसवायचे, पाणी उघडबंद करणारे चार व्हॉल्व्ह घेतले होते, आठवतंय ना? दोन तुला, दोन मला. दुकानदाराने गनमेटल, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारा तांब्याचा मिश्रधातू, म्हणून दिले आणि पैसेही गनमेटलचेच घेतले. त्यातले माझे दोन्ही गेले. तुझे अजून बोटीतच आहेत.

मेच्या शेवटच्या फेरीत बोट चालवणारे तांडेलकाका म्हणाले होते की, इंजिनाला पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हखाली ओल दिसते. मी हात लावून बघितलं. थेंब नव्हता, नुसता घाम धरल्यासारखं. मूठ जड फिरत होती, तिला ग्रीस लावलं आणि कामाला लागलो. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, उधाणाच्या भरतीला बोट आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढली, आणि पहिल्यांदा तोच व्हॉल्व्ह खोलायला घेतला. पाइप पान्हा लावला. धड जोरही दिला नव्हता, तेवढ्यात मान तुटून पान्ह्याबरोबर हातात आली. आवाजसुद्धा झाला नाही. तुटलेली कड उजेडाकडे धरली तर आत सोलकढीसारखा गुलाबी रंग. बाहेरच्या अंगाला दोऱ्याएवढी पिवळी रेघ, तेवढंच काय ते पितळ उरलेलं. चाकूच्या टोकाने खरवडलं तर विटेसारखा भुगा पडला.

त्या तुकड्यावर भरवसा ठेवून आम्ही आठ माणसं रात्र रात्र समुद्रात झोपलो होतो रे. नंतर घरी बसून हिशेब केला. दीड इंची भोक, पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर. मिनिटाला सव्वाशे लिटरच्या घरात पाणी आत येतं, म्हणजे दोन मिनिटं व्हायच्या आत डिझेलचं एक बॅरल भरेल. आपल्या बिल्ज पंपावर, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर, ताशी २००० गॅलन लिहिलंय. मोडून काढलं तर तेही मिनिटाला सव्वाशे लिटरच, आणि तेसुद्धा पाणी वर चढवायचं नसेल तर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता कारण ऐक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साध्या पितळात जस्त ४० टक्क्यांच्या आसपास असतं. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, आटे तेच, वरचा हिरवट थरही तोच, ताकद तेवढी गेलेली. लोखंड गंजलं की फुगतं, पापुद्रे सुटतात, डोळ्यांना दिसतं. इथे काहीच दिसत नाही. एलजी-२ नावाचं जे गनमेटल मिळतं त्यात तांबं ८५ टक्के, आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. त्यात हा रोग शिरत नाही.

पण सगळा दोष दुकानदारावर टाकून मी मोकळा होणार नाही. पंख्याजवळ जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असतात, बाकीच्या धातूऐवजी त्या झिजाव्यात म्हणूनच असतात. गेल्या वर्षी तळाला रंग देताना त्यांच्यावरही ब्रश फिरला. रंगाखाली झाकलेलं जस्त कसलंही काम करत नाही. यंदा वड्या नव्यासारख्या होत्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आणखी एक, बिल्ज पंपाच्या वायरीचं सोललेलं टोक व्हॉल्व्हच्या बुडाशी ओल्या लाकडाला टेकलेलं सापडलं. अशी भरकटलेली वीज धातू फार झपाट्याने खाते.

काढताना दोन दिवस गेले. आतला नट हलेना, शेवटी बाहेरून ग्राइंडरने कॉलर कापली आणि उरलेला तुकडा आत ठोकून काढला. भोकाभोवतीचं लाकूड काळं, मऊ पडलं होतं. टणक लागेपर्यंत तासलं, वर ताडपत्री बांधून चार रात्री दोनशेचा बल्ब लावून सुकवलं, मग कडेला इपॉक्सी पाजलं. आतून सागाचा ठोकळा बसवला, त्याचे रेषे फळीच्या रेषांना आडवे येतील असा. सीलंट पॉलियुरेथेनचं घेतलं. सुतार सिलिकॉन भर म्हणत होता, मी ऐकलं नाही, पाण्याखाली ते चालत नाही. नटही एकदम करकचून आवळला नाही, नाहीतर सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत काहीच राहत नाही.

आट्यांकडे मात्र नीट लक्ष दे. मला आधी मिळालेला एक व्हॉल्व्ह अमेरिकन आट्यांचा होता आणि आपली नळी बीएसपीची, म्हणजे ब्रिटिश आट्यांची. दीड इंचात त्यांचे इंचाला साडेअकरा आटे, आपले अकरा. दोन-तीन फेऱ्या छान बसतो, मग घट्ट होतो, आणि वाटतं की बसला. असा व्हॉल्व्ह दोन आट्यांवर लटकत असतो. हाताने निदान पाच-सहा फेऱ्या गेल्या पाहिजेत.

तू हे पत्र मिळाल्या दिवशीच बोटीवर जा. बोट वर आहे तोवर काम सोपं आहे. कानस घेऊन व्हॉल्व्हच्या अंगावर आणि नळीच्या कडेवर जरा खोल घास. पिवळं दिसलं तर पितळ, तांबूस सोनेरी दिसलं तर गनमेटल, आणि गुलाबी दिसलं तर पुढे काही बघू नकोस, काढून टाक. मूठ फिरली म्हणून पाणी अडवणारा आतला गोळा फिरतोच असं नाही, दांडी आत तुटलेली असू शकते, म्हणून पाइप सोडवून डोळ्यांनी बघ. पाइपाच्या क्लिपांना लोहचुंबक लाव. माझ्या क्लिपांची पट्टी स्टेनलेसची, पण स्क्रू चुंबकाला चिकटले, गंजून धाग्याएवढे उरले होते. आता प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा लावल्यात. प्रत्येक व्हॉल्व्हला पांगाऱ्याचा निमुळता खुंटा दोरीने बांधलाय. मऊ लाकूड फुगून भोक धरतं. माझ्या बोटीत पोहणारी माणसं असतात, तुझ्या बोटीत पर्यटक बसतात, त्यांच्या मांडीवर लेकरं असतात. म्हणून इतकं पाठीस लागतोय.

नवे आणताना मी चार आणले, कानस मारून, रंग बघून. तुझे दोन उद्या एसटीने मालवणला पार्सल करतोय, सोबत सीलंटची एक नळी आहे. पावती फोटो काढून पाठवतो, डेपोत जाऊन उतरवून घे. पैशांचं नारळी पौर्णिमेनंतर बघू. जुने काढलेस की फेकू नकोस, तुटलेली कड मला बघायचीय.

वहिनींना नमस्कार, काकांना सांग मी विचारलंय.

तुझाच,
मित्र