सफाई करणारा मासा टाकीत सोडायला सांगू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, समुद्रातल्या इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन त्यांची सफाई करणाऱ्या माशावरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, लेखकाची तळमळही जाणवते. पण खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्यांनी हा मासा जरूर ठेवावा, म्हणजे बाकीचे मासे निरोगी राहतात, हा शेवटचा सल्ला तुम्ही छापायला नको होता.

माझ्या भाच्याला एका दुकानदाराने नेमके हेच सांगितले होते. काळ्या पट्ट्याचा, निळसर, बोटभर मासा हातात दिला आणि म्हणाला, याला वेगळे खाणे लागत नाही, दुसऱ्यांच्या अंगावरचे खाऊन जगतो. टाकीत मासे ते किती, आणि त्यांच्या अंगावर परजीवी असून असणार किती? तो बिचारा दिवसभर एकेकाच्या मागे फिरायचा, अंगाला टोचायचा, आणि ते मासे दगडाच्या फटीत दडून बसायचे. दुकानातले दाणे तोंडात घेऊन थुंकून टाकायचा. पोट खपाटीला गेले आणि एके सकाळी तो तळाशी मरून पडलेला दिसला. भाचा तक्रार घेऊन गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘हे मासे जातातच, दुसरा न्या.’ जातातच हे ठाऊक असताना विकता कशाला? हा माल कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. टाकीतले बहुतेक समुद्री मासे थेट प्रवाळातून पकडून आणलेले असतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लिझर्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी या माशांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. एक मासा दिवसाला सरासरी सुमारे १,२०० परजीवी खातो, आणि त्यासाठी दोन हजारांवर वेळा गिऱ्हाइकांची, म्हणजे सफाई करून घ्यायला येणाऱ्या माशांची, अंगे तपासतो. हे परजीवी म्हणजे मुख्यतः गोचिडासारखे रक्त पिणारे बारीक कवचधारी जीव. एवढे अन्न दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत कुठून येणार?

लेखात या माशाला निःस्वार्थ सेवक म्हटले आहे, तेही मला पटत नाही. त्याला परजीवींपेक्षा माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो, आणि संधी मिळाली की तो त्याचा लचका तोडतो. गिऱ्हाईक दचकते, कधी उलटून त्याचाच पाठलाग करते, नाहीतर दुसऱ्या सफाईवाल्याकडे निघून जाते. पाळीची वाट पाहणारे मासेही हे बघत असतात, म्हणून कुणी बघत असेल तर तो जास्त नीट वागतो. जोडीने सफाई चालू असताना मादीने लचका तोडला तर नर तिच्या अंगावर धावून जातो. रेडूअन ब्शारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळे प्रयोगांनी दाखवले आहे. या माशाचे चांगले वागणे टिकते ते गिऱ्हाइकाला निघून जाता येते म्हणून. टाकीतल्या माशाने कुठे जायचे? सेवाभाव म्हणून मोकळे होण्यापेक्षा ही खरी गोष्ट कितीतरी मोठी आहे, आणि तीच लेखातून गळली.

हे मासे प्रवाळातून काढले तर काय होते, हेही लिझर्ड बेटाजवळच पाहिले गेले. काही छोट्या प्रवाळखंडांवरून सफाई करणारे मासे साडेआठ वर्षे सतत काढून टाकले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तिथे कायम राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली. आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांतही हा मासा आहे. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून पांढरी पडली. तिथून शोभेसाठी आणखी काही उचलून आणा, असे वाचकांना सुचवणे मला फार बेजबाबदारपणाचे वाटते.

जाता जाता छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेला मासा सकर होता. तो दक्षिण अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला, शेवाळ खरवडून खाणारा. त्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही. मोठा झाला की लोक तो तळ्यात नेऊन सोडतात, आणि देशातल्या कित्येक जलाशयांत तो आता मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. छायाचित्र निवडण्यापूर्वी एखाद्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला फोन केला असता तरी पुरले असते.

टाकीत मासा ठेवण्याचा सल्ला मागे घेत असल्याचे याच पुरवणीत, लेखाइतक्याच ठळकपणे छापावे आणि सोबत योग्य छायाचित्र द्यावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)