हुर्राकाचा हंगाम आणि परीक्षा संपलेली मुले

माननीय संपादक महोदय,

दहावी-बारावीचे पेपर संपत येतात आणि इकडे गोव्यात काजूची दारू गाळणाऱ्या भाट्या पेटतात. हा योग दरवर्षीचाच. शेवटचा पेपर झाला की मुलांचा घोळका झरीवर नाहीतर नदीवर निघतो आणि कुणाच्या तरी बॅगेत हुर्राकाची, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून पहिल्यांदा गाळलेल्या दारूची, बाटली असते. लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घातली की ते सरबतासारखे घशाखाली उतरते. बिअरमध्ये अल्कोहोल साधारण ५ ते ८ टक्के, हुर्राकात १५च्या आसपास, हे या पोरांना कुणी सांगितलेले नसते. मग उपाशीपोटी दोन ग्लास आणि पाण्यात उडी, किंवा एका स्कूटरवर तिघे.

२६ जूनला शाळांतून अमली पदार्थविरोधी फेऱ्या निघतात, शपथा होतात. ‘नाही म्हणा’ असे सांगितले जाते. पण कुणाला? गांजाची सिगारेट पुढे करणारा बहुधा किनाऱ्यावरचा अनोळखी माणूस नसतो, पहिलीपासून एका बाकावर बसलेला मित्र असतो. त्याला शपथ ऐकवून चालत नाही. ‘बाबा तोंडाचा वास घेतात रे’, ‘उद्या सकाळी मॅच आहे’, ‘गाडी मलाच चालवायची आहे’ अशी साधी कारणे तिथे उपयोगी पडतात आणि घरी आधी बोलणे झाले असेल तरच ती ऐनवेळी सुचतात. त्यात बाप खडूस ठरला तर ठरू दे.

त्याहून घातक म्हणजे घरच्या माराची भीती. मित्र बेशुद्ध पडला तरी ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत मुले त्याला उताणा टाकून ठेवतात. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवायचे, एकटे सोडायचे नाही आणि १०८ला फोन करायचा, एवढे प्रत्येक मुलाला पाठ हवे. आमच्या घरी ठरलेले आहे: कितीही वाजता, कुठूनही फोन कर, न्यायला येतो, बोलणे दुसऱ्या दिवशी. याने मुले सोकावतील, असे काही पालक म्हणतात. मला पटत नाही. दुसऱ्या दिवशीचे बोलणे काही गोड नसते.

आणि आपण मोठे? फेस्ताला (चर्चच्या सणाला), लग्नाच्या आदल्या रात्री ‘घोटभर घे, मोठा झालास आता’ म्हणणारा मामा प्रत्येक घरात असतो. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७७नुसार १८ वर्षांखालील मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम बारमालकाला लागू आहे, तसे मामालाही. ‘बाबांनी मागवलीय’ म्हटले की पोराच्या हाती बाटली देणारे गावोगाव आहेत. अबकारी खात्याने निदान एप्रिल-मेमध्ये बारबरोबर भाट्यांवरही फिरून पाहावे. आणि शाळांनी निकालपत्रासोबत व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा मोफत क्रमांक छापून द्यावा, अशी विनंती आहे.

– एक पालक, फोंडा