गावाचं नाव तेवढं बदलायचं होतंस

चिनू माय,

दिवाळी अंक आला कुरिअरनं. एका बैठकीत वाचली तुझी गोष्ट, मग आईला वाचून दाखवली. फोनवर आपलं वाजलं ते सोड आता. फक्त गावाचं नाव तेवढं बदलायचं होतंस गं, बाकी काही म्हणणं नाही माझं.

नवरा गेल्यावर बाईनं काय करायचं हे आमच्या वेळच्या गोष्टीत ठरलेलंच असायचं, एक तर विहीर जवळ करायची नाहीतर लेकराकडं बघून दिवस काढायचे, लेखक फारच सुधारक असला तर कुणीतरी मास्तर लग्नाला तयार व्हायचा. तुझी बाई तेराव्याच्या आधीच त्याची मोटरसायकल शिकायलीय, पडते, गुडघा फुटतो, आणि सासू हळद दाबता दाबता म्हणते क्लच हळू सोड. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा, पण सासूच्या तोंडी हे वाक्य मला नसतं सुचलं. आणि शेवट? पेट्रोल भरलं, संपली. आईनं पान उलटून बघितलं पुढं काही आहे का.

पण ती कोण हे गावात सगळ्यांनी ओळखलंय. काका बोलेना माझ्याशी.

आता तू म्हणशील, अण्णा, तुम्हीच तर बाबुराव बागुल वाचायला दिले. दिले. १९६३ चं कथांचं पुस्तक, 'जेव्हा मी जात चोरली होती', त्यातला 'मी' जात लपवून राहतो, कळल्यावर मार खातो, आणि वाचणाऱ्याला हायसं वाटेल असं काही हाती लागत नाही. आपल्या कळंबकडच्या भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' कथा बघ, सोशिक बळीराजा बघायची सवय आपल्याला, आणि तो बाप भाव पडला म्हणून भर बाजारात स्वतःचेच टमाटे तुडवतो. कादंबरीत समजूत घालायला जागा असते, कथा त्याच्या आधीच संपते, म्हणून लोक चिडतात. चिडले की लेखकाला धरतात, आणि इथं लेखकाचा बाप रोज पारावरून जातो.

शिकवायला लागलो बघ परत. राहू दे.

काकीनं स्वतः येऊन अंक नेलाय. काही बोलली नाही, मी पण विचारलं नाही. संक्रांतीला येशील तेव्हा लातूरहूनच फोन कर, मी स्टँडवर येतो, एकटी चालत येऊ नको. तू भिणारी नाहीस, माहितीय मला. मी आहे.

आणि अजून चार अंक पाठव, पैसे टाकतो. माझ्या जुन्या सरांना द्यायचाय, आणखी दोघातिघांना. कुणीच आपल्या गावचे नाहीत.

अण्णा