कणी चालेल, पॉलिश जपून

माननीय संपादक,

मका महागला की ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यात भातगिरणीचा माल घालण्याचा सल्ला मिळतो. भंडारा-गोंदियासारख्या धानपट्ट्यात तो योग्यही आहे. पण कणी (तांदळाचे तुकडे), पॉलिश (तांदूळ पांढरा करताना निघणारी बारीक भुकटी) आणि तेल काढलेला कोंडा एकाच मापाने मोजता येत नाहीत.

कणीची ऊर्जा मक्याच्या जवळपास असते, प्रथिने साधारण 8 टक्के. निम्म्या मक्याच्या जागी ती खुशाल घालावी. मात्र तिच्यात मक्याचा पिवळा रंग नसल्याने पायांची व कातडीची पिवळाई फिकी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. तेलही कमी, म्हणून खाद्यात 1 ते 2 टक्के तेल वाढवावे.

खरी गडबड पॉलिशमध्ये होते. त्यात 12 ते 15 टक्के तेल असते. दळताच त्यातले विकर (एन्झाइम) ते फोडू लागते आणि दमट हवेत काही दिवसांतच खवट वास येतो. महिन्याचा साठा म्हणजे पैसे पाण्यात. ताजे आणावे, सुरुवातीच्या खाद्यात 5, अखेरच्या खाद्यात 10 टक्क्यांपर्यंतच वापरावे. यातला बराच फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो, तेव्हा तो मोकळा करणारे फायटेज हे विकर खाद्यात हवेच. तंतू 12 टक्क्यांवर गेले, तर तूस मिसळल्याचा संशय घ्यावा (हा प्रकार नवा नाही).

तेल काढलेला कोंडा टिकतो, पण त्याची ऊर्जा मक्याच्या निम्म्याच्या आसपास. स्वस्त दिसतो म्हणून भरला, तर पक्षी खातो जास्त, वाढतो कमी.

— कुक्कुटखाद्य व्यवसायातील एक वाचक, गोंदिया